जुन्या कॅरिबियन नोटा: कुठून सुरुवात करावी, काय तपासावं, कुठे फसगत होते

कागद_शाई

लिलावाच्या यादीत नुसतं "वेस्ट इंडीज, जुन्या नोटा" असं लिहिलेलं असतं. आत पाहावं तर एक लाल डॉलर, एक जांभळी दहा शिलिंगांची नोट आणि एखादा क्यूबन पेसो निघतो. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कॅरिबियन हे एक चलन नाही, हे आधी पक्कं डोक्यात बसायला हवं. सगळंच थोडं थोडं घेत गेलं की पाच वर्षांनी हातात संग्रह नाही, नुसता ढीग उरतो. एक गट निवडून तो पुरा करत जाणं चांगलं, आणि त्यासाठी मी "ब्रिटिश कॅरिबियन टेरिटरीज, ईस्टर्न ग्रुप" सुचवेन.

त्रिनिदाद-टोबॅगो, बार्बाडोस, ब्रिटिश गयाना, लीवर्ड आणि विंडवर्ड बेटं अशा वसाहतींनी मिळून हे चलन चालवलं. १ पौंडाला ४.८० डॉलर, म्हणजे एक डॉलर ४ शिलिंग २ पेन्सचा (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स). छपाई लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सनची. १, २, ५, १०, २० आणि १०० डॉलर अशा सहा किमती, आणि रंग ठरलेले: लाल, निळा, हिरवा, तपकिरी, जांभळा, काळा. पिक या जगभरच्या नोटांच्या कॅटलॉगमध्ये क्रमांक १ ते ६ राजा सहावा जॉर्ज, ७ ते १२ राणी एलिझाबेथ. मर्यादित, स्वच्छ गट आहे.

जॉर्ज मालिकेवर २८ नोव्हेंबर १९५० आणि १ सप्टेंबर १९५१ अशा दोनच तारखा येतात. राणीची मालिका ५ जानेवारी १९५३ पासून २ जानेवारी १९६४ पर्यंत चालते आणि तिच्यात तारखा भरपूर आहेत. राणीचा लाल एक डॉलर सगळ्यांत सहज मिळतो. वर चढत जाल तशी नोट विरळ होते. जॉर्जच्या १०० डॉलरच्या वाट्याला बहुतेकांनी जाऊच नये, आणि गेलात तर प्रमाणपत्राशिवाय नको.

जॉर्जचा एक डॉलर हातात घेतलात तर उजवीकडे राजाचं चित्र, डावीकडे खाली बेटांचा छोटा नकाशा, आणि मागच्या बाजूला चारही कोपऱ्यांत वसाहतींची राजचिन्हं दिसतील. तो नकाशा भिंगाखाली अवश्य बघा. चांगल्या नोटेत किनाऱ्याची रेघ अखंड असते. कुठे ठिपके-ठिपके दिसले तर तिथेच थांबा.

दर्यावर्दी

उत्तम धागा. जलचिन्हाची भर घालतो, कारण याच गटात त्यावरून उपप्रकार ठरतो. जॉर्जच्या नोटांत आणि राणीच्या १९५३ च्या पहिल्या नोटांत शिडाचं जहाज आहे. १९५४ पासून राणीचं डोकं येतं. त्यामुळे १९५३ ची नोट हा राणीच्या मालिकेतला वेगळा, जास्त मागणीचा प्रकार आहे. विक्रेत्याने फक्त "एलिझाबेथ, १ डॉलर" एवढंच लिहिलं असेल तर तारखेचा जवळून काढलेला फोटो मागवा, आणि नोट उजेडासमोर धरून काढलेलाही. तारखेतला शेवटचा आकडा घडीत गेला असेल तर जलचिन्हच निकाल लावतं.

सुटे_पैसे

शंका: जमैका या गटात का नाही? १९५८ ते १९६२ च्या वेस्ट इंडीज संघराज्यात तर जमैका होता.

कागद_शाई

संघराज्य आणि चलन यांच्या सीमा जुळत नाहीत. नावातला "ईस्टर्न ग्रुप" त्याचसाठी आहे. जमैका संघराज्यात होता, पण त्याचा पौंड वेगळाच राहिला. उलट ब्रिटिश गयाना संघराज्यात नव्हता, पण हे डॉलर तिथे चालत होते. म्हणूनच संघराज्याच्या नावावर नोटांची विभागणी करू नका. नोट कुणी काढली, हे बघा.

पुढे त्रिनिदादने १९६४ मध्ये स्वतःची मध्यवर्ती बँक काढली, गयानाने १९६५ मध्ये. उरलेल्यांसाठी १९६५ मध्ये ईस्ट कॅरिबियन करन्सी अथॉरिटी आली. बार्बाडोसच्या स्वतःच्या नोटा १९७३ च्या. एकाच मुळापासून फुटलेल्या या फांद्या आहेत. "पूर्व गट" पुरा झाला की पुढची दिशा आपोआप मिळते.

जमैका_दहा_शिलिंग

जमैकाचा विषय निघालाच आहे तर तिथला सगळ्यांत देखणा संच सांगतो: शिलिंगांतून डॉलरमध्ये बदल. बँक ऑफ जमैका १ मे १९६१ ला सुरू झाली. तिच्या पौंडाच्या नोटा: ५ शिलिंग लाल, १० शिलिंग जांभळी, १ पौंड हिरवी, ५ पौंड निळी. ८ सप्टेंबर १९६९ ला दशमान आलं, १ पौंड म्हणजे २ डॉलर. आता जोड्या लावा. ५ शिलिंगांच्या जागी ५० सेंट, लाल, वर मार्कस गार्वी. १० शिलिंगांच्या जागी १ डॉलर, जांभळा, बस्टामांटे. १ पौंडाच्या जागी २ डॉलर, हिरवे, पॉल बोगल. ५ पौंडांच्या जागी १० डॉलर, निळे, जॉर्ज विल्यम गॉर्डन. किंमत तीच, रंग तोच, राणीच्या जागी स्वतःची माणसं. ५ डॉलरला जुन्यात जोडीदार नव्हता. नॉर्मन मॅनलीची ती नोट १९७० ची. आठ नोटा जोडीजोडीने एका पानावर लावल्या की कोणालाही न सांगता कळतं काय घडलं ते.

यातली मोठी गफलत म्हणजे साल. पौंडाच्या नोटांवर "१९६०" दिसतं, ते कायद्याचं साल. छपाईचं नव्हे. नोट आधीची की नंतरची हे बँकेच्या गव्हर्नरच्या सहीवरून ठरतं: आधी पेटन, मग हॉल. डॉलरच्या पहिल्या नोटांवर ब्राउन. सही वाचता आली नाही तर नोट घेऊ नका, इतकं मी ठामपणे म्हणेन.

दर्यावर्दी

अगदी बरोबर, आणि हे फक्त जमैकाचं नाही. त्रिनिदादच्या नोटांवर "१९६४" हे कायद्याचं साल आहे, नोटा मात्र पुढे कैक वर्षं निघत राहिल्या. एक डॉलरवर पिअर्स, मॅक्लाउड, ब्रूस अशा तीन गव्हर्नरांच्या सह्या येतात. बहामाच्या नोटांवर १९३६ आणि १९६५, केमनवर १९७१ आणि १९७४, ही सगळी कायद्यांची सालं. "१९३६ ची दुर्मिळ नोट" म्हणून राणीचं चित्र असलेली बहामाची नोट विकायला येते तेव्हा हसू येण्यापेक्षा वाईट वाटतं, कारण राणी गादीवर आली १९५२ मध्ये आणि नवखा माणूस पैसे मोजून मोकळा होतो.

बहामाचा एक तुकडा मात्र जरूर घ्या: तीन डॉलरची नोट. १९६६ मध्ये दशमान आलं तेव्हा एक डॉलर ७ शिलिंगांचा ठरला. तीन डॉलर म्हणजे २१ शिलिंग, नेमकी एक गिनी, हे जुनं ब्रिटिश मूल्य. विचित्र वाटणारी किंमत अशी हिशेबात बसते. ही नोट भरपूर मिळते, त्यामुळे कोरी सोडून दुसरी घेऊ नका.

भिंगवाला

आता कागदाकडे वळूया, कारण पैसे बुडतात ते तिथेच.

सपाट स्कॅनरवर काढलेल्या चित्रावर विसंबू नका. स्कॅनरचं झाकण नोट दाबतं आणि प्रकाश सरळ येतो, त्यामुळे मधली घडी दिसतच नाही. विक्रेत्याकडून चार फोटो मागा: दोन्ही बाजू, उजेडासमोर धरलेली नोट, आणि मोबाइलचा टॉर्च एका बाजूने अगदी आडवा धरून काढलेला फोटो. आडव्या उजेडात घडी, सुरकुती आणि इस्त्री, तिन्ही उघडी पडतात. चौथा फोटो देत नसेल तर भाव घडी असलेल्या नोटेचाच द्या.

इस्त्री मारलेली नोट ओळखायची खूण उठावात आहे. या नोटांची मुख्य छपाई कोरलेल्या धातूच्या पट्टीवरून, भरपूर दाबाने झालेली असते. शाई कागदावर उभी राहते, आणि मागून बोट फिरवलं की चित्राचा खोलगटपणा जाणवतो. क्रमांक वेगळ्या यंत्रावर छापलेले असतात, त्यांचाही दाब मागे उमटतो. नोट ओली करून दाबली की हा दाब निघून जातो. नोट गुळगुळीत आणि मेल्यासारखी दिसते. घडीच्या जागी शाई तुटलेली असते, ती मात्र परत जुळत नाही. दहापट भिंगातून घडीच्या रेषेवर पाहा: पांढरे तंतू वर आलेले दिसले तर तिथे घडी होती, मग आता ती कितीही सरळ दिसो.

धुतलेल्या नोटेसाठी अतिनील दिवा, ३६५ नॅनोमीटरचा घ्यावा. ३९५ चा स्वस्त दिवा स्वतःच जांभळा उजेड फेकतो, काही कळत नाही. १९५० च्या दशकातला सुती कागद त्याखाली मंद, काळपट दिसतो. कपड्यांच्या साबणात चकाकी आणणारी द्रव्यं असतात. त्यात धुतलेली नोट निळसर पांढरी चमकते. डाग काढलेल्या जागी अशी चमक ठिगळासारखी दिसते.

कडा कातरल्या आहेत का ते पाहायला पट्टी लागते. वरचा आणि खालचा, डावा आणि उजवा समास मोजा. थोडं इकडेतिकडे असणं छपाईतलंच आहे. पण चारही समास सारखेच अरुंद आणि कोपरे सुईसारखे टोकदार, आणि आतला कागद मात्र वापरलेला, असं दिसलं तर कुणीतरी झिजलेल्या कडा कापल्या आहेत. त्याच प्रकारच्या दुसऱ्या नोटेवर ती ठेवून पाहिली की फरक मिलिमीटरांत दिसतो.

खोटी नोट याहून सोपी. छापील प्रतीत भिंगाखाली रंगीत ठिपके येतात, खऱ्या नोटेत रेघा. खोटं जलचिन्ह कागदाच्या पाठीवर फिक्या शाईने छापलेलं असतं, त्यामुळे ते टेबलावर ठेवूनही दिसतं. खरं जलचिन्ह उजेड आरपार गेल्यावरच पुढे येतं.

सुटे_पैसे

इस्त्रीबद्दल थोडं वेगळं मत. राणीच्या मालिकेतल्या मधल्या तारखांच्या वापरलेल्या नोटा सगळ्याच कधी ना कधी दाबलेल्या आहेत. वीस डॉलरची बऱ्यापैकी नोट समोर आली आणि ती दाबलेली आहे म्हणून सोडली, तर पुढची कधी येईल सांगता येत नाही.

भिंगवाला

घ्यायलाच नको असं म्हणत नाही. दाबलेली म्हणून घ्या आणि दाबलेलीचा भाव द्या. वीस डॉलरसाठी तडजोड समजू शकते. लाल एक डॉलरसाठी नाही, त्याच्या स्वच्छ नोटा मिळतात. नोट जितकी साधी, तितकी अट कडक ठेवा.

जमैका_दहा_शिलिंग

प्रमाणपत्र असलेल्या नोटांविषयी. पीएमजी ही नोटा तपासून, श्रेणी देऊन पाकिटात बंद करणारी कंपनी. तिची श्रेणी ७० पर्यंत जाते. ६५ आणि त्यावरच्या नोटेला ईपीक्यू हा शेरा असायलाच लागतो. त्याचा अर्थ कागद मूळ अवस्थेत आहे, दाबलेला-धुतलेला नाही. म्हणून ईपीक्यू नसलेल्या ६४ आणि ६५ मधला फरक एका गुणाचा नाही, कागदाच्या इमानाचा आहे. माझ्या मते ईपीक्यू असलेली ३० ची नोट ही ईपीक्यू नसलेल्या ४५ पेक्षा चांगली खरेदी. पाकिटाची मागची बाजू न चुकता वाचा: टाचणीची भोकं, दुरुस्ती, अल्बमला चिकटवल्याच्या खुणा, हे सगळं तिथे बारीक अक्षरांत असतं. आणि पाकिटाचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून नोटेचा क्रमांक जुळतो का ते पाहा, कारण खोटी पाकिटंही फिरतात.

जमैकाच्या बाबतीत आणखी दोन खुणा. क्रमांकाआधी "झेडझेड" असेल तर ती बदली नोट, छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली. त्रिनिदादला हेच काम "एक्सएक्स" करतं. क्रमांकाआधी माल्टीज क्रॉस आणि वर "स्पेसिमेन" असेल, तर तो १९७० च्या दशकात संग्राहकांसाठी काढलेला संच. तो छान दिसतो, स्वस्तही असतो, पण छापखान्याच्या खऱ्या नमुना नोटेचा भाव त्याला देऊ नये. छापखान्याच्या नमुन्यावर सहसा सहीच्या जागी भोकं पाडलेली असतात आणि क्रमांक शून्यांचा असतो.

बेटांचा_पत्ता

ईस्ट कॅरिबियनकडे फारसं कुणी वळत नाही, म्हणून लिहिते. १९६५ च्या मालिकेत १, ५, २० आणि १०० अशा चारच किमती, पिक १३ ते १६. राणीचं चित्र आन्निगोनी या इटालियन चित्रकाराच्या चित्रावरचं. नंतरच्या काही नोटांवर वर्तुळात एक अक्षर छापलेलं आहे: ए अँटिग्वा, डी डॉमिनिका, जी ग्रेनाडा, के सेंट किट्स, एल सेंट लुशिया, एम माँटसेराट, व्ही सेंट व्हिन्सेंट. नोट सगळीकडे सारखीच चालायची, अक्षर फक्त कोणत्या बेटासाठी काढली ते सांगतं. १ ऑक्टोबर १९८३ ला सेंट्रल बँक आली आणि तिच्या नोटांत हेच अक्षर क्रमांकाच्या शेवटी गेलं. तिथे अँग्विलाचा यू पण येतो.

एका डॉलरचा सगळ्या अक्षरांचा संच हा कमी खर्चात पुरा होणारा आणि तरीही डोकं लावायला लागणारा संग्रह आहे. विक्रेते अक्षर बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. "ईस्ट कॅरिबियन १ डॉलर" अशा साध्या नावाखाली माँटसेराट निघू शकतं. छोट्या बेटाच्या नोटा कमी, हे उघड आहे.

सुटे_पैसे

बेटांचा_पत्ता, तुम्ही फारच उपयोगी लिहिलंत. क्यूबाबद्दल कुणी सांगेल का? चे गेव्हाराच्या सहीची नोट घ्यावी असं मनात आहे.

दर्यावर्दी

चे नोव्हेंबर १९५९ मध्ये क्यूबाच्या राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष झाला आणि १९६१ च्या सुरुवातीपर्यंत होता. १९६० आणि १९६१ च्या नोटांवर त्याची सही आहे, नुसतं "चे" एवढंच. ही सही छापलेली आहे, हाताने केलेली नव्हे. "चे गेव्हाराची स्वाक्षरी असलेली नोट" असं लिहून स्वाक्षरीचा भाव लावतात, त्याला बळी पडू नका.

१९६१ ची मालिका प्रागमध्ये छापली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या नोटा एकदम बदलून घेतल्या. एक पेसोवर पुढे क्यूबाचा स्वातंत्र्यवीर होसे मार्ती आणि मागे जानेवारी १९५९ मध्ये हवानात शिरणारा कास्त्रो. ही नोट कोरीही सहज मिळते, म्हणून सुरुवात तिथूनच करा. लाल रंगाची, चेचं चित्र असलेली तीन पेसोची नोट १९८० च्या दशकात आली. तिच्यावर चित्र चेचं, सही दुसऱ्याची. दोन्हींची गल्लत पुष्कळ होते.

वीस पेसो घेताना क्रमांक बघा. एफ६९ आणि एफ७० मालिकेतल्या नोटा कॅटलॉगमध्ये बनावट म्हणून वेगळ्या नोंदल्या आहेत. त्यांनाही संग्राहक आहेत, पण तुम्हाला काय विकलं जातंय ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

कोरडी_हवा

आपल्याकडच्या हवेचा विचार इथे हवाच. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. सुती कागद ती शोषतो आणि मग तपकिरी ठिपके धरतात. नोटांसाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता चांगली. घट्ट झाकणाचा डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि नारिंगी सिलिका जेल. ते हिरवट झालं की १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. डब्याबाहेर काढून तापवा, आणि गार झाल्यावरच आत ठेवा. डांबरगोळ्या अजिबात नकोत. त्यांची वाफ प्लास्टिकवर बसते आणि नोटेला वास कायमचा लागतो. लॅमिनेशन केलेली नोट तर संपलीच, ते सोडवता येत नाही.

पाकीट पॉलिएस्टरचं घ्या, पीव्हीसीचं नको. पीव्हीसी मऊ असतं, नव्या रेनकोटसारखा वास येतो, आणि काही वर्षांत चिकट होऊन आम्ल सोडतं. खात्री करायची असेल तर रिकाम्या पाकिटाचा कोपरा कापा. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, त्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. खिडकी उघडी ठेवून करा, धूर घेऊ नका.

सुटे_पैसे

शेवटचा प्रश्न. दोन जॉर्ज एक डॉलर एकत्र टाचलेले मिळताहेत, टाचणी गंजलेली आहे. घ्यावेत का आणि टाचणी कशी काढावी?

भिंगवाला

भाव टाचणीची भोकं आणि गंज धरून ठरवा, मग घ्या. टाचणी सरळ ओढू नका. गंज कागदात रुतलेला असतो आणि भोकाभोवतीचा तुकडा सोबत निघतो. पॉलिएस्टरच्या पातळ पट्ट्या टाचणीच्या खालून आणि वरून सरकवा, म्हणजे घासलं गेलं तरी नोटेला लागणार नाही. मग टाचणीचं डोकं छोट्या कटरने तोडा आणि उरलेली तार टोकाच्या बाजूने, ज्या दिशेने घुसली त्याच दिशेने, चिमट्याने हळू बाहेर घ्या. सुटा गंज मऊ, कोरड्या कुंचल्याने झटका. लिंबू, ऑक्झॅलिक ॲसिड, गंज काढायचे द्रव, काही लावू नका. डाग फिका होईल पण कागद जळेल, आणि दिव्याखाली ते ठिगळ दिसेल. दोन्ही नोटा वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा, नाहीतर एकीचा गंज दुसरीवर उमटतो.

आणि क्रमांक लागोपाठचे आहेत का ते टाचणी काढण्याआधीच बघून घ्या. तसे असतील तर टाचलेल्या अवस्थेतला एक फोटो काढून जोडीसोबत जपून ठेवा.